टाकी उचलणाऱ्याला कारण माहीत हवं

मे २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट भरात असताना धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉलचं काम थांबवलं आणि त्याच यंत्रणेतून ऑक्सिजन काढायला सुरुवात केली. साखर कारखान्यात असा प्रयोग देशात पहिल्यांदाच होत होता. इथेनॉलमध्ये उरलेलं पाणी शोषून घेण्यासाठी तिथे मॉलिक्युलर सीव्ह म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या दाण्यांनी भरलेले उभे मनोरे असतात. अशा मनोऱ्यांत योग्य जातीचे दाणे भरले आणि दाबाखालची हवा सोडली, की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजनला पुढे जाऊ देतात. या पद्धतीने साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. त्यात तीन टक्के इकडे-तिकडे चालतात.

ऑक्सिजन तयार झाला तरी तो रुग्णापर्यंत पोचायला टाकी लागते. त्या दिवसांत महाराष्ट्रभर या टाक्या जीपमधून, रिक्षातून, कधी माणसांच्या खांद्यावरून फिरल्या. ज्यांनी जन्मात ऑक्सिजनची टाकी पाहिली नव्हती, त्यांनी ती उचलली, जोडली, उघडली. लाट ओसरली, पण टाक्या आपल्या अवतीभवती आहेतच. ट्रॉली आणि नांगर दुरुस्त करणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात, गळीत हंगामाआधी डागडुजी चालणाऱ्या कारखान्यात, तुळजापूरच्या खाणावळीत, दवाखान्यात आणि प्रत्येक घराच्या ओट्याखाली.

टाकी हाताळण्याचे नियम भिंतीवर लावलेले असतात. ते वाचणारे थोडे आणि टाकी उचलणारे बहुतेक वेळा वेगळेच. हमाल, वॉर्डबॉय, दुकानातला पोऱ्या, गॅसची डिलिव्हरी देणारा माणूस यांना सांगितलं जातं ते फक्त ‘जपून रे’ एवढंच. जपून म्हणजे काय आणि कशासाठी, हे कुणी सांगत नाही. नुसता नियम घाईत विसरतो. त्यामागचं कारण एकदा समजलं की ते डोक्यात राहतं, म्हणून इथे प्रत्येक नियम कारणासकट समजून घेऊ.

टाकीत नेमकं काय असतं

बाहेरून सगळ्या टाक्या लोखंडीच दिसतात, पण आतला गॅस तीन वेगळ्या अवस्थांत असतो. सगळी काळजी या फरकावर ठरते.

पहिला प्रकार नुसत्या दाबलेल्या वायूचा. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन, हायड्रोजन हे नेहमीच्या तापमानाला कितीही दाबले तरी द्रव होत नाहीत, म्हणून ते प्रचंड दाबाने कोंबावे लागतात. दवाखान्यातली मोठी ‘डी टाइप’ टाकी, जिला जंबो म्हणतात, तिच्यात सुमारे ४६.७ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. तेवढ्या जागेत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाबाने जवळपास ७,००० लिटर ऑक्सिजन भरलेला असतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साठपट हा दाब आहे.

दुसरा प्रकार दाबाखाली द्रव होणाऱ्या वायूचा. स्वयंपाकाचा गॅस, कार्बन डायऑक्साइड, क्लोरीन, अमोनिया हे यात येतात. खाली द्रव आणि वर त्याची वाफ अशी मांडणी असते. स्वयंपाकाच्या गॅसचा दाब ऑक्सिजनच्या मानाने फारच कमी असतो. धोका आहे तो द्रवाच्या फुगण्यात. थोडासा द्रव बाहेर पडला तरी त्याची सुमारे अडीचशेपट वाफ होते.

तिसरा प्रकार एकट्या अॅसिटिलीनचा. वेल्डर ज्याला ‘डीए’ म्हणतात तो हाच. हा वायू इतका अस्थिर आहे की मोकळ्या जागेत तो चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर दाबला, तर ऑक्सिजनशिवायही स्वतःच विघटन पावून फुटू शकतो. म्हणून डीएची बाटली आतून पोकळ नसते. तिच्यात सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात अॅसिटोन मुरवलेलं असतं आणि अॅसिटोनमध्ये गॅस विरघळवलेला असतो.

टाकीवरचं वाचायला शिका

टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे आणि अक्षरं म्हणजे तिची जन्मपत्रिका. बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, रिकामं वजन, पाण्याची क्षमता, चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख त्यात असते. ऑक्सिजनसारख्या टाकीची ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाने ताणचाचणी करावी लागते. साधारणपणे ही मुदत ५ वर्षांची असते. टाकीत पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब देतात आणि पोलाद किती ताणलं जातं, दाब काढल्यावर पूर्ववत होतं का, हे मोजतात. चाचणी पाण्यानेच का? पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी तडकली तरी पाणी जागीच सांडतं, स्फोट होत नाही.

घरच्या सिलिंडरची तारीख वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला रंगवलेली असते. तिथे एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे दिसतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२८’ लिहिलं असेल तर जून २०२८ पर्यंत त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. ती मुदत उलटून गेलेली टाकी दारात आली तर घेऊ नये. परत करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रंगही बोलतात. औद्योगिक ऑक्सिजनची टाकी काळी, वैद्यकीय ऑक्सिजनची काळी पण खांद्याला पांढरी, अॅसिटिलीनची तपकिरी-लालसर, हायड्रोजनची लाल, क्लोरीनची सोनेरी पिवळी, अशी ओळख आपल्याकडे रूढ आहे. तरीही नुसत्या रंगावर विसंबू नये. रंग उडतो, उन्हाने बदलतो, कुणीतरी पुन्हा मारतो. गॅसचं नाव टाकीवर लिहिलेलं असलंच पाहिजे. नाव वाचता येत नसेल तर ती टाकी जोडायची नाही, पुरवठादाराकडे परत पाठवायची.

उचलताना आणि नेताना

मोठ्या टाकीचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे वरचा पितळी व्हॉल्व्ह. टाकी आडवी पडली आणि व्हॉल्व्ह कशावर तरी आदळून मोडला, तर १५० किलोच्या दाबाचा वायू छोट्या भोकातून एकदम सुटतो आणि पन्नास-साठ किलोची टाकी उलट दिशेला फेकली जाते. अशी टाकी विटांची भिंत फोडून जाऊ शकते, मग वाटेत माणूस असला तर काय होईल ते सांगायला नको. व्हॉल्व्हवरची लोखंडी टोपी एवढ्यासाठीच असते. टाकी हलवायची असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, रेग्युलेटर काढायचा, टोपी घट्ट बसवायची, मगच हात लावायचा.

टाकी जमिनीवर आडवी पाडून लाटत नेण्याची सवय सर्रास दिसते. ती चुकीची आहे. साखळी असलेली दोन चाकी ट्रॉली वापरावी. चार पावलंच न्यायची असेल तर टाकी किंचित कलती करून बुडाच्या कडेवर फिरवत न्यावी. व्हॉल्व्हला किंवा टोपीला धरून उचलू नये, दोराचा फास किंवा लोहचुंबक लावून क्रेनने उचलू नये. टेम्पोतून उतरवताना खाली जुनं टायर टाकून वरून टाकी सोडून देणं हा तर रोजचा प्रकार आहे. दरवेळी त्या आपटण्याने व्हॉल्व्हच्या आट्यांवर ताण येतो. आज काही होत नाही. होतं ते सहा महिन्यांनी, दुसऱ्याच कुणाच्या हातात.

केंद्र सरकारचे गॅस सिलिंडर नियम, २०१६ याबाबत स्पष्ट आहेत. त्यांची अंमलबजावणी नागपुरात मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था पाहते. टाक्या घसरवणं, टाकणं, त्यांच्याशी खेळणं या नियमांना मान्य नाही. भरलेली टाकी सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून नेण्यासही मनाई आहे. आपल्याकडे वस्तीवर गॅस न्यायचा म्हणजे मोटारसायकलच्या मागे आडवी बांधलेली टाकी, हे चित्र नेहमीचं. यात दोन धोके एकदम असतात. खड्ड्यात गाडी उडाली की टाकी रस्त्यावर आपटते. शिवाय आडव्या टाकीत व्हॉल्व्हपाशी वाफेऐवजी द्रव येतो, त्यामुळे गळती झालीच तर बाहेर पडलेल्या द्रवाची अडीचशेपट वाफ होते. वस्ती दूर असेल तर चार घरांनी मिळून टाक्या जीपमधून किंवा छोट्या टेम्पोतून आणाव्यात, उभ्या आणि दोराने बांधलेल्या.

मराठवाड्याच्या उन्हात साठवण

एप्रिल-मे महिन्यात धाराशिवचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा थेट उन्हात ठेवलेलं लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापतं. दाबलेल्या वायूचं गणित सोपं आहे. १५ अंशाला १५० किलो दाब असलेली टाकी ६० अंशापर्यंत तापली तर दाब १७३ च्या आसपास जातो. शाबूत टाकी हे सोसते, कारण तिची चाचणी त्याहून बऱ्याच वरच्या दाबाला झालेली असते. पण बुडाशी गंजलेली, मुदत संपलेली किंवा आधी जाळ लागलेली टाकी सोसेलच असं नाही.

द्रवरूप गॅसचं गणित अधिक कठोर आहे. द्रव तापला की फुगतो, म्हणून कारखान्यात सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत. वर वाफेसाठी जागा राखतात. ही जागा म्हणजेच टाकीची सुरक्षितता. गल्लीबोळात मोठ्या सिलिंडरमधून लहान टाकीत किंवा गाडीत गॅस ‘मारून’ देतात, तिथे ही जागा मोजायला कुणाकडे काटा नसतो. टाकी काठोकाठ भरली गेली आणि नंतर उन्हात तापली, तर फुगलेल्या द्रवाला जायला वाट उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. अशा लहान टाक्या अधिकृत वितरकाकडूनच भरून घ्याव्यात, हे सांगण्यामागे पैशाचा नाही, जिवाचा हिशेब आहे.

साठवणीची खोली कशी असावी? सावलीची, कोरडी, दोन्ही बाजूंनी वारा खेळता राहील अशी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. म्हणून झरोके नुसते छताजवळ ठेवून उपयोग नाही, खालीही लागतात. तळघर, खड्डा, गटाराचं तोंड यांच्याजवळ या टाक्या ठेवू नयेत. हायड्रोजन उलट अतिशय हलका, त्याला वरची वाट हवी. नायट्रोजन आणि आर्गॉन ना पेटतात ना त्यांना वास असतो, पण बंद खोलीत ते ऑक्सिजनची जागा घेतात आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजनची भांडी गावोगाव फिरतात. ती सिलिंडर नसली तरी बंद जीपमध्ये हाच धोका असतो. काचा खाली ठेवूनच न्यावीत.

ऑक्सिजन आणि पेटणारे वायू एकमेकांपासून दूर ठेवावेत, किंवा मध्ये भिंत असावी. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात हे अंतर २० फूट, नाहीतर निदान ५ फूट उंचीची न जळणारी आडभिंत, असं ठरवून दिलं आहे. आपल्याकडच्या दुकानदारालाही ते माप धरायला हरकत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भयंकर जोर देतो. दोन्ही टाक्या शेजारी ठेवल्या तर लहानशी आग आवरता येणार नाही अशी होते.

भरलेल्या आणि रिकाम्या टाक्या वेगळ्या रांगेत, पाटी लावून ठेवाव्यात. प्रत्येक उभी टाकी कमरेच्या वर साखळीने भिंतीला बांधावी. साखळीचा खर्च किरकोळ असतो आणि ती नसल्यामुळेच बहुतेक टाक्या पडतात.

स्वयंपाकाच्या गॅससाठी आणखी एक मर्यादा आहे. परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपेक्षा जास्त गॅस ठेवता येत नाही. व्यवसायासाठीचा सिलिंडर १९ किलोचा असतो. ५ भरलेले सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की मर्यादा ओलांडली. नवरात्रात तुळजापुरात भाविकांची रीघ लागते, तेव्हा खाणावळवाल्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा. गर्दीच्या दिवशी वितरकाकडून दोन खेपा मागवणं हे सगळा साठा एका पत्र्याखाली रचण्यापेक्षा शहाणपणाचं.

रेग्युलेटर जोडताना

आता एक काम अगदी जवळून पाहू. ऑक्सिजनच्या मोठ्या टाकीला रेग्युलेटर जोडायचा आहे.

आधी हात धुवा आणि पुसून कोरडे करा. डोक्याचं तेल, ट्रॅक्टरचं ग्रीस, हाताला लावलेली क्रीम, यातलं काहीही बोटांवर नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतात. त्यामुळे ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला किंवा पान्याला कधीही तेल लावायचं नाही. फिरकी घट्ट झाली असेल तर टाकी परत करायची. प्लंबर नळाच्या जोडाला सफेदा आणि सूत गुंडाळतो, ते इथे अजिबात चालत नाही. सफेद्यात तेल असतं.

टाकी साखळीने बांधलेली आहे ना, हे पाहून टोपी काढा. व्हॉल्व्हच्या तोंडात धूळ किंवा कोळ्याचं जाळं असू शकतं. तोंड माणसांपासून दुसरीकडे करून, आपण बाजूला उभं राहून, चावीने व्हॉल्व्ह क्षणभर अगदी थोडा उघडा आणि लगेच बंद करा. धूळ उडून जाते. हे ऑक्सिजनसाठी ठीक आहे. हायड्रोजनच्या टाकीला असं कधीच करू नये, तो बाहेर पडतानाच पेटू शकतो.

मग रेग्युलेटर हाताने आट्यांवर बसवा. सहज फिरला पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर आटे जुळत नाहीत किंवा रेग्युलेटर भलत्याच गॅसचा आहे. ऑक्सिजनचे आटे उजवे आणि पेटणाऱ्या वायूंचे डावे ठेवलेले असतात, ते चुकून एकाची वस्तू दुसऱ्याला लागू नये म्हणूनच. डाव्या आट्यांच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा असतात, त्या बोटालाही लागतात. जोड पान्याने बेताचा घट्ट करा.

पुढची पायरी सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते. रेग्युलेटरची दाब कमी-जास्त करायची फिरकी उलट्या दिशेने पूर्ण सैल करा. ती आवळलेली राहिली आणि व्हॉल्व्ह उघडला तर टाकीचा दाब सरळ पुढच्या नळीवर येतो. आता काट्याच्या समोरून बाजूला व्हा, कारण काच फुटली तर ती पुढे उडते. व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा आणि काटा हळूहळू चढू द्या. झटक्याने उघडल्यावर रेग्युलेटरमधली हवा एकदम दाबली जाते, क्षणात प्रचंड तापते आणि आत वायसर किंवा मळ असेल तर तो पेटतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लागलेल्या आगीमागे हे एक नेहमीचं कारण आहे. उघडायला दहा सेकंद घेतले की हा धोका जवळजवळ संपतो.

शेवटी साबणाचं पाणी जोडावर लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करून जोड पुन्हा बसवा. दाब असताना नट आवळायचा नाही. गळती शोधायला काडी ओढायची नाही, मग गॅस कोणताही असो.

डीएची बाटली

वेल्डरच्या दुकानात डीएची बाटली नेहमी उभी ठेवावी. आडवी ठेवली तर आतलं अॅसिटोन व्हॉल्व्हकडे येतं आणि गॅसबरोबर बाहेर पडू लागतं. ज्योत फडफडते, टॉर्च आणि नळी खराब होते, आणि बाटलीत गॅसला धरून ठेवणारं अॅसिटोनच कमी होतं. प्रवासात आडवी झालेली बाटली काही तास उभी ठेवल्याशिवाय जोडू नये. व्हॉल्व्ह एक-दीड आट्यापेक्षा जास्त उघडू नये आणि चावी त्यावरच राहू द्यावी, म्हणजे गरज पडताच बंद करता येतं. नळीतला दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आत ठेवावा. तांब्याची नळी किंवा तांब्याचा जोड वापरू नये. अॅसिटिलीनचा तांब्याशी संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो.

ज्योत कधीकधी टॉर्चमधून नळीत मागे येते. तिला अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर दोन्ही रेग्युलेटरला लावलेला असावा. अशी ज्योत मागे शिरून डीएची बाटली हाताला गरम लागू लागली, तर आत विघटन सुरू झालेलं असू शकतं. शक्य असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा आणि आडोशाने, दुरूनच पाणी मारू द्या. ‘थंड झाली वाटतं’ म्हणून जवळ जाऊ नका. ती आतून पुन्हा तापू शकते.

आणखी एक सवय मोडली पाहिजे. काम संपल्यावर अंगावरची धूळ ऑक्सिजनच्या नळीने झटकणं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. कपड्यांच्या धाग्यांत तो थोडा जरी जास्त मुरला, तरी एका ठिणगीने सदरा भडकतो आणि विझवणं कठीण जातं. पोऱ्याला हे पहिल्या दिवशी सांगा.

ओट्याखालचा सिलिंडर

घरचा सिलिंडर उभा, सपाट जमिनीवर आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. नळी भारतीय मानकांची, नारिंगी ‘सुरक्षा’ जातीची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. नवा सिलिंडर आला की टोपी काढून व्हॉल्व्हमधली रबरी कडी शाबूत आहे का ते पाहावं. डिलिव्हरी देणारा उभा असतानाच साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावं, त्यात कुणाला संकोच वाटायला नको.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. रात्री वास आला तर क्रम असा ठेवा. विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. दोन्ही वेळा आत बारीक ठिणगी पडते. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरवर टोपी बसवा, दारं-खिडक्या उघडा, देवघरातला दिवा तेवत असेल तर विझवा आणि सगळे बाहेर या. मोबाइल बाहेर गेल्यावर वापरा. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे आणि आग लागली असेल तर ११२ किंवा १०१.

लग्नाच्या आचाऱ्यांकडे वेगळा प्रश्न येतो. मोठ्या भट्टीला जोडलेल्या सिलिंडरवर बाहेरून दव आणि बर्फ धरतो, ज्योत मंदावते. द्रवाची वाफ होताना ती टाकीतली उष्णता ओढून घेते, म्हणून असं होतं. मग कुणी टाकी आडवी करतं, कुणी उकळतं पाणी ओततं, कुणी खाली निखारे ठेवतं. यातलं काहीही करू नये. एका टाकीकडून जास्त गॅस मागितला जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोन किंवा तीन टाक्या एकत्र जोडणारी योग्य जोडणी वितरकाकडून करून घ्यावी.

रुग्णाच्या उशाशी

घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या खोलीत बिडी, उदबत्ती, निरांजन यांना जागा नाही. ओठ कोरडे पडतात म्हणून व्हॅसलीन किंवा बाम लावू नये. पाण्यात मिसळणारं मलम डॉक्टरांना विचारून वापरावं.

टाकी किती पुरेल, हे नातेवाइकांना काढता आलं पाहिजे. टाकीच्या पाण्याच्या क्षमतेला काट्यावरच्या दाबाने गुणायचं. १० लिटरची लहान ‘बी टाइप’ टाकी, दाब १५०, म्हणजे सुमारे १,५०० लिटर वायू. मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर ३०० मिनिटं, म्हणजे ५ तास. काटा ७५ वर आला की निम्मे तास उरले. हा हिशेब ऑक्सिजनला लागू आहे, स्वयंपाकाच्या गॅसला नाही. तिथे शेवटचा द्रव संपेपर्यंत दाब तसाच राहतो, म्हणून शिल्लक फक्त वजनावरून कळते.

दवाखान्यात पुरवठा खंडित होणं हीसुद्धा दुर्घटनाच असते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, वॉर्डातला दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. मोठी टाकी असली तरी भरलेल्या सिलिंडरची राखीव रांग जोडून तयार असावी आणि ती कशी सुरू करायची, हे रात्रपाळीच्या माणसाला यायला हवं.

जिची जबाबदारी कुणीच घेत नाही, ती टाकी

सगळ्यात धोकादायक टाकी कुणाच्याच नोंदीत नसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या लातूर शहरात फुग्यात गॅस भरायच्या टाकीचा स्फोट झाला. विक्रेता जागीच गेला आणि भोवती जमलेली ११ मुलं जखमी झाली. जत्रेत आणि गल्लीत फिरणाऱ्या अशा टाक्यांत अनेकदा हायड्रोजन जागेवरच बनवला जातो. मोडीतल्या टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि अॅल्युमिनियमचे तुकडे टाकून झाकण आवळतात. ही क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, जितकं तापतं तितका वेग वाढतो आणि दाब किती झाला हे दाखवायला काटाही नसतो. कॉस्टिक सोडा टाकीला आतून खात असतो, ते वेगळंच. पोट भरण्यासाठी ती टाकी सायकलवर घेऊन फिरणाऱ्या माणसाचा जीव त्यात पहिला जातो. वाढदिवसाला तरंगते फुगे हवेच असतील तर हेलियम भरलेले घ्यावेत. तो पेटत नाही. नाहीतर तोंडाने फुगवलेले साधे फुगे मुलांना तेवढेच आवडतात. आणि जुनी टाकी भंगारात विकताना ती अधिकृत चाचणी केंद्राकडून निकामी करून घ्यावी, म्हणजे पुन्हा कुणी तिच्यात गॅस भरू शकणार नाही.

‘रिकामी’ टाकीही खरोखर रिकामी नसते. तिच्यात थोडा दाब शिल्लक ठेवूनच व्हॉल्व्ह बंद करावा. पूर्ण उपसलेल्या, उघड्या टाकीत बाहेरची दमट हवा शिरते आणि ती आतून गंजते. कधी दुसराच वायू शिरतो आणि पुढच्या भरणीच्या वेळी मिश्रण घातक ठरतं. टोपी बसवा, ‘रिकामी’ असं खडूने लिहा आणि भरलेल्या टाकीइतक्याच काळजीने उभी बांधा.

टाकीचा मालक, दुकानदार, डॉक्टर, कारखान्याचा अभियंता यांच्याकडे हे ज्ञान असतंच. ते टाकी उचलणाऱ्या हातापर्यंत पोचवणं त्यांचं काम आहे. नवा माणूस कामाला लागला की पहिला अर्धा तास त्याला टाकीजवळ उभं करून व्हॉल्व्ह, टोपी, आटे, काटा दाखवावेत आणि प्रत्येक नियमाचं कारण त्याच्याच भाषेत सांगावं. मग त्याच्याकडून ते परत वदवून घ्यावं. ज्याला ते सांगता आलं, त्याच्याच हातात चावी द्यावी.